नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी घरात मुलाचे नाव ठरवताना जेवढा खल होतो, तेवढा त्या मुलाच्या आईवडिलांचे लग्न ठरवतानाही बहुधा झालेला नसतो. ज्योतिषाने सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण करून १०८ आद्याक्षरे नेमून दिली आहेत आणि जन्मवेळेवरून जे अक्षर वाट्याला येते, त्यावरून ठेवलेल्या नावाला नावरस नाव म्हणतात. पण हे अक्षर पुष्कळदा असे काही अडनिडे निघते की त्यावरून सुरू होणारे नाव शोधता शोधता वडीलधारी मंडळी थकतात आणि तरुण मंडळी इंटरनेटवरून ‘विष्णूचे एक नाव’ एवढाच अर्थ सांगता येईल असे काहीतरी आणून पुढे ठेवतात. विष्णूला सहस्र नावे असल्यामुळे हा दावा सहसा कोणी खोडून काढत नाही. धर्मशास्त्राच्या परंपरेत तर एका बालकाला देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, घुगऱ्या आणि पेढे वाटले जातात, आणि एवढा सोपस्कार यथासांग पार पडल्यावर त्याच संध्याकाळी तीच आत्या तेच बाळ उचलून घेऊन ‘काय रे गुंड्या’ असे म्हणते. येथून पुढे हे पाचवे नाव चालते आणि आधीची चार कागदपत्रांसाठी राखून ठेवली जातात.

या पाचव्या नावाला येथे लाडके नाव म्हटले आहे. ज्याची नोंद जन्मदाखल्यावर नसते, जे ठेवण्यासाठी मुहूर्त लागत नाही आणि जे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले यावर माहेर व सासर यांच्यात कायमचे दुमत असते, ते लाडके नाव होय. बंड्या, गोट्या, चिंगी, ठमी, सोनू, छकुली, पिंट्या, बाब्या ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. वरवर पाहता हा सगळा बेशिस्त कारभार वाटतो, परंतु थोडे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला त्यात एक पक्का नियम सापडतो: घरात माणसाचे नाव जितके मोडूनतोडून घेतले जाते, तितका तो माणूस निर्धास्त असतो, तेच नाव शुद्ध, पूर्ण आणि स्पष्ट उच्चारले गेले की काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे.

मोडण्याचीही एक रीत आहे. पुरुषांच्या नावांना लागणारा ‘या’ हा प्रत्यय घेतला तर त्याची कृती अशी सांगता येते, की नावाचे पहिले अक्षर राखावे, त्यात जोडाक्षराचा अडथळा असल्यास तो काढून टाकावा, दुसऱ्या अक्षरातले व्यंजन तेवढे घ्यावे, उरलेले नाव, त्याचा अर्थ आणि त्यामागची आत्याची मेहनत यांसकट, फेकून द्यावे आणि शेवटी ‘या’ जोडावा. प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या, मकरंदचा मक्या आणि संदीपचा संद्या याच रीतीने होतो. हा प्रत्यय धर्म पाहत नाही, म्हणून ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटात सलीमचा सल्या झालेला दिसतो. आणि त्याच चित्रपटातल्या प्रशांतचा मात्र ‘पश्या’ न होता ‘परश्या’ होतो, तेव्हा व्याकरणाला जसे अपवाद असतात तसे ते येथेही असतात, एवढे म्हणून पुढे जावे लागते. आडनावेही या प्रत्ययाच्या तावडीतून सुटत नाहीत. जोशी आडनावाचा मुलगा शाळेच्या मैदानावर जोश्या होतो, आणि जगभरच्या समालोचकांनी ज्याच्यासाठी विशेषणांची कोठारे रिकामी केली तो फलंदाज मुंबईच्या मैदानांवर आणि नाक्यांवर तेंडल्याच राहिला. स्त्रियांच्या नावांना ‘ई’ लागते आणि सुमनची सुमी, मंगलची मंगी, चंद्रकलेची चंद्री होते. ‘ऊ’ हा प्रत्यय दोघांनाही चालतो, त्यामुळे मधुकरही मधू आणि मधुमालतीही मधू. एकाच वाड्यात दोन्ही असल्यास कोणती हाक कोणाला हे फक्त आवाजावरून ओळखायचे असते.

या तिन्हींत ‘या’ हा प्रत्यय सर्वांत धारदार आहे, कारण तो लाडालाही चालतो आणि अपमानालाही. त्यामुळे तो वापरण्याचा हक्क समाजाने फार थोड्यांना दिला आहे: आईला, बालमित्राला आणि उघड शत्रूला. बँकेतल्या विभागीय व्यवस्थापकाला हाताखालचे शंभर लोक ‘सर’ म्हणत असतात आणि नेमकी सभा चालू असताना त्याच्या फोनमधून गावाकडच्या आईचा खणखणीत आवाज येतो, ‘दिल्या, जेवलास का रे?’ तेव्हा सभेतल्या प्रत्येकाला आपण काहीच ऐकले नाही असा चेहरा करावा लागतो. आणि विभागीय व्यवस्थापक कितीही करडा असला तरी ‘हो गं, जेवलो’ असेच उत्तर देतो, न जेवलेला असला तरीही.

मराठीत तीन लिंगे असल्याचा खरा उपयोग लाड करताना होतो. पुल्लिंगी मुलगा आणि स्त्रीलिंगी मुलगी यांच्यावर माया दाटून आली की मराठी माणूस दोघांनाही सरळ नपुंसकलिंगात ढकलतो. ‘कसं बघतंय बघा’, ‘झोपलंय गं ते’, ‘माझं पिल्लू ते’ अशा वाक्यांत बाळ मुलगा आहे की मुलगी हे परक्याला शेवटपर्यंत कळत नाही. गंमत अशी, की राग आला तरी हेच लिंग उपयोगी पडते, कारण ‘कार्टं’ हा शब्दही नपुंसकलिंगीच आहे, आणि विदर्भातल्या ‘पोट्ट्या’चे लाड किंवा उद्धार करायचा झाला की त्याचेही ‘पोट्टं’ होते. याच्याही पुढची पायरी म्हणजे लिंगांची सरळसरळ अदलाबदल. मराठी आई मुलीला बिनदिक्कत ‘राजा’, ‘सोन्या’, ‘बाळा’ म्हणते, इतकेच नव्हे तर ‘काय रे झालं?’ असे पुल्लिंगी ‘रे’ लावून विचारते. व्याकरणाच्या पेपरात याच मुलीने लिंगाची चूक केली तर तिचा अर्धा गुण कापला जातो, ही गोष्ट वेगळी.

लहान मुलांशी मोठी माणसे जी बोलतात त्या भाषेकडे विद्वानांचे लक्ष गेलेले नाही असे नाही. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरचा लेख ‘वर्ड’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात १९६४ साली प्रसिद्ध झाला होता. बालबोली म्हणजे लहान मुले बोलतात ती बोली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती मोठी माणसे लहान मुलांशी बोलतात ती बोली असते, आणि बऱ्याचदा मुलाचा त्यातला सहभाग फक्त डोळे विस्फारून पाहण्याइतकाच असतो. कुत्र्याचे भूभू, गाईची हम्मा, जेवणाचे मम्मम, बाहेर जाण्याचे भुर्र आणि झोपण्याचे गाई गाई ही या बोलीची शब्दसंपत्ती. आणि ‘स’चा ‘श’, ‘र’चा ‘ल’ करणे हा तिचा उच्चारधर्म. त्यामुळे न्यायालयात अशिलाची बाजू अस्खलित मांडणारा वकील घरी येऊन सहा महिन्यांच्या मुलीपुढे ‘कशं आहे माझं शोनुलं, लाजकन्या आहे की नाही ती’ असे बोलताना आढळतो. अशा वेळी दारात कोणी आले तर तो घसा खाकरून एकदम ‘स’ आणि ‘र’ जागेवर आणतो. ती मुलगी मात्र या अचानक बदललेल्या गृहस्थाकडे संशयाने पाहू लागते.

लाडक्या नावांतला मोठा भाग शिव्यांचा आहे, हे मान्य केल्यावाचून विषय पुढे जात नाही. लबाड, गुलाम, चोर, भामटा, माकड, गाढव, येडू ही सर्व संबोधने मराठी बालकाला त्याच्या पहिल्या वर्षात, तो गुन्हा करण्याच्या स्थितीत येण्यापूर्वीच, लाभलेली असतात. कोकणात ‘मेल्या’ आणि देशावर ‘मुडद्या’ अशी साक्षात मृत्यूची भाषा ऐकू येते आणि ती ऐकणारा दीर्घायुषी होणार याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. त्यामागे जुनी समजूत आहे. चांगल्या गोष्टीला दृष्ट लागते, म्हणून गोऱ्या गालावर काजळाचे बोट लावावे तसे गोड मुलाला ओबडधोबड नाव लावायचे, ही शब्दांची तीट होय. ज्या घरात मुले वाचत नसत तेथे पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू असे ठेवीत, म्हणजे हा माल नेण्याजोगा नाही असे वाटून मृत्यू पुढच्या दाराकडे वळेल. ‘नकुशी’ची जात मात्र यांहून वेगळी, ती तीट नव्हे, खरोखरीची नकोशी होती, आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली ती म्हणूनच. धोंडूला नाव बदलून घ्यावेसे सहसा वाटले नाही. त्या नावाने हाका मारणाऱ्यांना तो हवा होता, हे त्याला पुरेपूर ठाऊक होते.

दुसरे एक कारण अधिक व्यावहारिक आहे. पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे आणि सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, या दोन रूढी एकाच घरात एकाच वेळी पाळल्या जात, तेव्हा आईला स्वतःच्या मुलाला हाकच मारता येत नसे. पणजोबांचे नाव असले तरी अडचण तीच. वाट एकच उरे, ती म्हणजे बाळ, बापू, आबा, नाना, अण्णा असे काहीतरी म्हणणे. दोन वर्षांचे, अजून नीट चालता न येणारे ‘अप्पा’ आणि ‘तात्या’ महाराष्ट्रात एवढ्या संख्येने का हिंडत असत, याचा उलगडा येथे होतो. अशा नावाला वय चढत नाही. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव; प्रचारात राहिले ते ‘बाळ’. परिणामी १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा त्याचे शीर्षक ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ असे झाले, आणि सूर्य न मावळणाऱ्या साम्राज्याच्या सम्राज्ञीला एका मराठी घरातल्या लाडक्या नावाविरुद्ध फिर्याद गुदरावी लागली. इंग्रजी आमदानीबरोबर आलेल्या ‘बेबी’चीही तीच गत. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाच्या लेखिका बेबी कांबळे यांचे नाव साहित्याच्या इतिहासात याच रूपात नोंदले गेले आहे, आणि जुन्या प्रत्येक कुटुंबात एक तरी सत्तरी ओलांडलेली बेबीमावशी असतेच. हल्लीचे तरुण पती आपल्या पत्नीला ‘बेबी’ म्हणू लागल्यापासून मंगल कार्यालयात पंचाईत होते, कारण हाक एकीला जाते आणि ‘काय रे?’ म्हणून काठी टेकत दुसरीच येते.

पतिपत्नींच्या संबोधनांकडे वळले, की मराठी भाषा आपला सारा कंजूषपणा प्रकट करते. मुलाला चाळीस नावे देणाऱ्या या समाजाने पतीला शतकानुशतके एका ‘अहो’वर भागवले. फार तर ‘इकडे’, ‘स्वारी’, आणि ग्रामीण भागात ‘कारभारी’, ‘धनी’, ‘मालक’. पती पत्नीला ‘अगं’ म्हणे किंवा नुसताच खाकरे. मूल झाल्यावर मात्र दोघांनाही हायसे वाटे, कारण मग ‘बंडूचे बाबा’ आणि ‘बंडूची आई’ म्हणता येई. अपत्याच्या नावावरून आईबापांना ओळखण्याच्या या चालीला मानववंशशास्त्रात टेक्नॉनिमी म्हणतात. एडवर्ड टायलर यांनी १८८९ मध्ये ही संज्ञा रूढ केली. बंडूची सोय व्हावी म्हणून पुढे ‘बंडूचे’ हा भागही गळतो आणि पती स्वतःच्या पत्नीला ‘आई’ व पत्नी स्वतःच्या पतीला ‘बाबा’ म्हणू लागते. बाहेरच्या माणसाला या घराची वंशावळ काही केल्या लावता येत नाही, आणि घरात पतीची खरी आई असेल तर एका हाकेला दोन स्त्रिया ‘ओ’ देतात. एकत्र कुटुंबात याच्याही पलीकडचा घोळ असे: लहान दीर ‘वहिनी’ म्हणत म्हणून पोटची मुलेही आपल्या आईला ‘वहिनी’च म्हणत मोठी होत.

नाव घ्यायचेच नाही म्हटल्यावर ते घेण्याचा एक खेळ होणे क्रमप्राप्त होते, आणि तो उखाणा होय. उखाणा म्हणजे जोडीदाराचे नाव यमकात गुंफून चारचौघांत घेणे. लग्न, डोहाळजेवण, हळदीकुंकू अशा प्रसंगी ‘नाव घे’ म्हणून आग्रह होतो, नववधू यथाशक्ती लाजते आणि पाठ करून आणलेले दोन चरण म्हणून मोकळी होते. पूर्वीच्या उखाण्यांत चांदीची ताटे आणि रुप्याच्या वाट्या फार असत. आजच्या काळाला साजेसा उखाणा ‘वाय-फायला पासवर्ड, कुलपाला किल्ली, अमुकरावांना अहो कशाला, ए-च म्हणते हल्ली’ असा काहीसा होऊ शकेल, आणि त्यात वस्तुस्थितीही बरीचशी आलेली असेल. बरीचशी म्हणायचे कारण असे, की आजची पत्नी एकाच पुरुषाला दिवसभरात निदान तीन प्रकारे हाक मारते. सासूबाईंसमोर ‘अहो, जेवायला येताय ना’, दार लावून घेतल्यावर ‘ए, पंखा वाढव ना’, आणि कार्यालयातून फोनवर, शेजारच्या टेबलाला काही कळू नये अशा बेताने, ‘हं, बोल रे’. या तिन्हींत चूक होऊन सासूबाईंसमोर ‘ए’ निघून गेला, की त्या ऐकले न ऐकलेसे करतात, परंतु त्या दिवशी वरणाला फोडणी जरा जोरात बसते.

विख्यात माणसांची घरे या बाबतीत फार बोलकी आहेत. लक्ष्मीबाई टिळक यांनी १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आपल्या कवी पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा केला, आणि त्या एका आडनावात कौतुक, राग, थट्टा सगळे भरले. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) मध्ये पु. ल. देशपांडे यांना ‘भाई’ म्हटले. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पतीला खुशाल नावाने हाक मारत, आणि तेव्हाच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पत्नी रमाबाईंना ‘रामू’ म्हणत आणि त्या त्यांना ‘साहेब’ म्हणत. बाबासाहेबांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा फाळणीच्या प्रश्नावरचा आकडेवारीने आणि युक्तिवादांनी खच्चून भरलेला ग्रंथ आहे. तो उघडल्यावर अर्पणपत्रिकेत भेटते ती रमाबाई नव्हे, रामू. काल्पनिक घरांत चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचे घर घ्यावे. त्यांची पत्नी कावेरी हिला ते ‘काऊ’ म्हणतात, म्हणजे नवरा चिमण आणि बायको काऊ. मराठी मुलाला जेवू घालताना पहिल्या दोन घासांना ज्यांची आठवण काढली जाते ते दोन्ही पक्षी एकाच घरात संसार करीत आहेत, आणि अर्थातच त्या घरात वादावादीला तोटा नाही.

मोबाइल फोनने या क्षेत्रात एक नवे दालन उघडले, कारण जोडीदाराचा क्रमांक कोणत्या नावाने साठवायचा हा प्रश्न पूर्वी कोणाला पडलेला नव्हता. पत्नीच्या फोनमध्ये ‘अहो’ हेच नाव अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पतीच्या फोनमध्ये ‘सरकार’, ‘हायकमांड’, ‘होम मिनिस्टर’ अशी राज्यशास्त्रीय पदे आढळतात. यांतले शेवटचे पद २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने घरोघर नेले आणि त्याचे सूत्रसंचालक आदेश बांदेकर यांना अवघ्या महाराष्ट्राने ‘भावोजी’ करून टाकले. या विनोदाबद्दल एक शंका मात्र नोंदवून ठेवावीशी वाटते. ज्या घरात पत्नीला ‘होम मिनिस्टर’ म्हटले जाते, त्या घरात अर्थखाते बहुधा दुसऱ्याच्याच हाती असते.

दैनंदिन व्यवहारात लाडक्या नावाचा खरा वापर पाहायचा तर संध्याकाळची वेळ निवडावी. वडील कामावरून येतात, दारावरची घंटा वाजते आणि तीन वर्षांचे मूल धावत जाऊन खिडकीच्या पडद्यामागे उभे राहते. पडद्याखालून दोन पावले आणि बाजूने अर्धे पोट स्पष्ट दिसत असते. वडील बूट काढता काढता मोठ्याने विचारतात, ‘आमचं माकड कुठं गेलं बरं?’ स्वयंपाकघरातून आई तितक्याच मोठ्याने सांगते, ‘मघाशी भाजीवाला घेऊन गेला, पाव किलोच्या भावात.’ वडील सोफ्याखाली पाहतात, चपलांच्या कपाटात पाहतात, डब्यात झाकण काढून पाहतात. पडद्याला हसू आवरत नाही. ‘इथं नाहीये मी!’ असा आतून आवाज येतो. तरीही वडिलांना ते सापडत नाही, कारण आवाज माकडाचा नसून कोणा माणसाच्या मुलाचा आहे असे त्यांचे मत पडते, आणि मग तत्त्वाचाच प्रश्न आल्यामुळे मूल बाहेर येऊन ‘मीच माकड आहे!’ असे छातीवर हात ठेवून जाहीर करते. दुसऱ्या दिवशी बालवाडीत कोणी त्याच नावाने चिडवले की तेच मूल रडत घरी येते. घरातले माकड आणि बाहेरचे माकड यांतला भेद त्याला कोणी शिकवलेला नसतो, पण तो पक्का समजलेला असतो.

हीच घरे सकाळी साडेसहाला पाहिली तर वर सांगितलेल्या नियमाचे प्रात्यक्षिक मिळते. शाळेची बस सातला येणार असते. पहिली हाक ‘उठतंय ना माझं पिल्लू?’ अशी असते आणि पिल्लू कूस बदलते. पाच मिनिटांनी ‘सोन्या, उठ राजा’. मग ‘अथू, दूध गार होतंय’. मग नुसते ‘अथर्व!’, ज्यात ‘थ’वर वजन पडते. आणि शेवटी स्वयंपाकघरातून मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा शाळेच्या हजेरीपटात असतो तसा त्रिपदी उच्चार होतो, तेव्हा मूल ताडकन उठून बसते आणि बाकीच्या घरालाही जाग येते. वडिलांचे नाव मध्ये आल्यामुळे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या वडिलांवरही ओझरता ठपका येतो, आणि हाच त्या रचनेचा छुपा हेतू असावा. आता यात एक घटनात्मक म्हणावी अशी अडचण उत्पन्न झाली आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम बंधनकारक केला आहे. निर्णय उत्तम आहे यात वाद नाही. परंतु ही मुले शाळेत जाऊ लागतील तेव्हा सकाळी सातला बस सुटत असताना संतापलेल्या आईला त्या चतुष्पदीत स्वतःचे नावही घ्यावे लागेल, आणि ठपका समसमान वाटला जाईल. ‘तुमचा मुलगा’ ही जुनी सोय कायद्याने अडचणीत आली आहे.

मुलेही गप्प बसत नाहीत. बोलायला शिकतानाच्या चुका ती मोठ्यांच्या माथी कायमच्या मारतात. मावशीची ‘माऊ’ होते, आत्याची ‘आत्तू’ होते, आणि पुढे मुलाचे उच्चार सुधारले, तो वादविवाद स्पर्धेत बक्षिसे मिळवू लागला, तरी पन्नाशीची ती प्राध्यापिका ‘माऊ’च राहते. दोन आज्यांमध्ये फरक करण्यासाठी मुले गावाचा आधार घेतात, जसे की ‘नाशिकची आजी’. दोघी एकाच गावच्या असल्या तर एक ‘भूभूची आजी’ आणि दुसरी ‘लिफ्टची आजी’ होते, आणि लिफ्टच्या आजींना हे कळल्यावर आपल्या साठ वर्षांच्या पाककौशल्याचे चीज झाले नाही असे वाटते. वडिलांचे ‘अहो बाबा’ होते, त्यांचे ‘ए बाबा’ झाले, आता कित्येक घरांत ‘बाबुड्या’ ऐकू येते. मुलाला डोक्यावर चढवल्याची ही लक्षणे आहेत असे जुन्या पिढीचे म्हणणे पडते, आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेतल्या आईने आपल्या घोड्याएवढ्या सोहमला ‘बबड्या’ म्हणून जे काही करून ठेवले, ते पाहता त्या म्हणण्यात तथ्य नाही असेही म्हणवत नाही. त्या मालिकेनंतर ‘बबड्या’ हे सामान्यनाम झाले. मुली स्थळ पाहताना मुलगा बबड्या तर नाही ना, याची चौकशी करू लागल्या, आणि खरोखरच्या, निरुपद्रवी बबड्यांच्या आयांना काही काळ मुलाला भाजी मंडईत हाक मारणे अवघड झाले.

स्थळ पसंत पडून लग्न ठरले की लाडक्या नावांना आयुष्यात एकदाच छापील प्रतिष्ठा मिळते. लग्नपत्रिकेत वराचे नाव, पदवीसह, ठळक अक्षरांत असते आणि त्याच्या शेजारी कंसात, गावाकडच्या मंडळींना पत्रिका नक्की कोणाची हे कळावे म्हणून, ‘बंड्या’ असे छापलेले असते. तळाशी ‘किलबिल’ नावाचा एक विभाग राखून ठेवलेला असतो, ज्यात कुटुंबातली बालके आपल्या मामाच्या किंवा काकाच्या लग्नाला यायचा प्रेमळ हट्ट धरतात. चिंटू, पिंकी, गुड्डू, परी, शोनू अशी ही यादी असते. तिच्यातला चिंटू आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून त्याला मिशा आहेत, आणि शोनूला अजून लिहितावाचताच काय, बसताही येत नाही. तरी नावांचा क्रम ठरवताना वयाचा निकष लावायचा की नात्याचा यावर एक संपूर्ण रविवार खर्ची पडतो. छापखान्यातून आलेल्या नमुन्यात वराच्या पदवीतले एक अक्षर गळलेले असले तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही, मुहूर्ताची मिनिटे चुकली तर ‘गुरुजी बघून घेतील’ म्हणून सोडून देता येतात. पण किलबिलमध्ये थोरल्या बहिणीच्या धाकटीचे ‘पिल्लू’ हे नाव ‘पिलू’ असे छापले गेले, तर पाचशे पत्रिका पुन्हा छापून घ्याव्या लागतात आणि तो खर्च मुलाकडच्यांनी करायचा की मुलीकडच्यांनी, यावर नवी बैठक बसते.